रंगाखालचा आकडा

मित्रांनो, या पत्र्याच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीवर दोन मोठ्या खिळ्यांना जो लोखंडी दांडा टांगलेला आहे, तो मी. माझ्या डाव्या बाजूला बूड गेलेली बादली आहे आणि उजव्या बाजूला एक जुनी शिडी. बादलीने आल्या आल्या आपले सगळे दुःख एकदाच सांगून टाकले आणि ती मोकळी झाली. शिडी मुळातच अबोल आहे. त्यामुळे बोलायला कोणी नाही. शेडचे दार बिजागरीतून निखळले आहे, जोर लावल्याशिवाय ते पुरते लागत नाही, म्हणून थोडा उजेड आत येतो आणि समोरचे अंगण दिसते. आज तुम्ही आलाच आहात, तर जरा बसा. तो डबा उलटा करून बसलात तरी चालेल.

लोक मला टो-बार म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर मी गाडी ओढण्याचा दांडा आहे. मला दोन पाय आणि एक तोंड आहे. पाय मागच्या गाडीच्या नाकाला पिनांनी अडकवायचे आणि तोंड पुढच्या गाडीच्या शेपटीला असलेल्या हुकावर बसवायचे. मग मागची गाडी आपल्याच चार चाकांवर, इंजिन बंद ठेवून, पुढच्या गाडीच्या मागे निमूट चालू लागते. दोरीने गाडी ओढताना मागच्या गाडीत कोणीतरी बसावेच लागते, चाक वळवायला आणि ब्रेक मारायला. मी असलो की मागे माणूस लागत नाही. मागचे माणूस उठून पुढे येऊन बसू शकते. तसे पाहिले तर माझे सगळे आयुष्य या एका वाक्यात मावते. पण मी जरा हट्टी स्वभावाचा आहे. सांगायचे तर मुळापासून सांगणार.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे दिवसभर ठिणग्या उडत आणि सगळ्यांच्या अंगाला लोखंडाचा वास येई. एकाच लोखंडातून आणि एकाच वेल्डरच्या हातून आम्ही बरेच भाऊ जन्मलो आणि गार होईपर्यंत जमिनीवर शेजारी शेजारी पडून राहिलो. एवढी जवळची माणसे मला पुन्हा कधी मिळाली नाहीत. मग वेल्डर आला. त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकला, आणि हाताला आला त्याला उचलून नेले. तो माझ्या शेजारचा होता. हात वीतभर इकडे पडला असता तर मी गेलो असतो.

समोर एक मोठे यंत्र होते. त्याने माझ्या भावाला दोन्ही टोकांनी पकडले आणि ओढायला सुरुवात केली. आधी तो गप्प होता. मग कण्हू लागला. मग असा आवाज झाला की पलीकडे चहा पिणारी माणसे उठून उभी राहिली. वेल्डर म्हणाला, "चांगला टिकला गडी." एकाला तोडून पाहिल्याशिवाय बाकीच्यांना किती झेपेल हे कळत नाही, अशी तिथली रीत होती. ज्या ओझ्याला तो तुटला, त्याच्या बरेच अलीकडचे ओझे आमच्यासाठी ठरले. माझ्या पाठीवर एक छोटी पट्टी बसवली गेली आणि तिच्यावर आकडा कोरला गेला, बाराशे किलो. पट्टी ठोकणाऱ्या कामगाराला वेल्डर म्हणाला, "नीट ठोक रे. या आकड्यासाठी एक गेलाय." मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी तर ती कधीच विसरलो नाही.

पुढे मी एका दुकानात येऊन पडलो. दुकान एक बाई चालवत होती. तिच्या केसांत कायम पेन्सिल खोचलेली असे आणि तिला फुकटची बडबड खपत नसे. तिथे एके दिवशी एक नवराबायको आले. नवरा शिवणयंत्रे दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मशीनकाका म्हणत, आणि त्याच्या बायकोला नुसते काकू. काकांची एक मोठी व्हॅन होती. तीच त्यांचे दुकान आणि तीच राहण्याची खोली. गावोगावी ती कुठेतरी मोकळ्या जागी उभी करायची आणि मग छोट्या गाडीने गल्लीबोळांत जाऊन बिघडलेली यंत्रे आणायची, असा त्यांचा धंदा होता.

"काय ओढायचंय?" बाईने विचारले.

"आमची छोटी गाडी," काका म्हणाले. "साडेसातशे किलोची आहे. गाडीच्या पुस्तकातच लिहिलंय."

"ते रिकाम्या गाडीचं वजन. आत काय असतं?"

"काही नाही हो. थोडं सामान."

"थोडं?" काकू म्हणाल्या. "अहो, मोटरी आहेत, सुट्या भागांच्या पेट्या आहेत, तेलाचे डबे, घडीचं टेबल. आणि तुमचे ते गळ, ज्यांना आजवर एक मासा लागला नाही."

"मग भरलेल्या गाडीचं वजन धरा," बाई म्हणाली. "रस्त्यावर ती सामानासकटच जाणार ना? रिकाम्या गाडीच्या हिशोबानं दांडा घ्याल, तर पहिल्याच उतारावर रडाल."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "मग सगळ्यात मोठाच देऊन टाका. म्हणजे कटकटच नको."

बाईने कोपऱ्यातल्या एका जाडजूड दांड्याकडे बोट केले. "उचलून बघा." काकांनी उचलला आणि त्यांचे तोंड टोमॅटोसारखे लाल झाले. "रोज लावणार-काढणार कोण?" बाईने विचारले. काकूंनी हात वर केला. "मग? शिवाय तुमच्या व्हॅनचा हूक आहे पंधराशेचा. दांडा तीन टनांचा घेतला म्हणून हूक काही तीन टनांचा होत नाही. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढं ओढेल तेवढंच सगळ्यांचं बळ. आणि एक सांगते. एकदा जास्त ओझ्यानं ताणला गेला, की दांड्यावर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही. मग तो कितीही धडधाकट दिसू दे."

काकूंनी मग माझ्या पाठीवरची पट्टी वाचली आणि मला उचलून पाहिले. "हा मला झेपतो," त्या म्हणाल्या, "आणि याला आपली गाडी झेपते. हाच घ्या." कुणी मला असे तोलून मापून, विचार करून पसंत करण्याची ती पहिलीच वेळ होती. मी मनातल्या मनात मोहरलो.

"लांब जाणार का कुठे?" बाईने निघताना सहज विचारले.

"जाणं तर रोजचंच," काकू म्हणाल्या. "पण लग्न झाल्यापासून हे पुढे व्हॅनमध्ये आणि मी मागे छोट्या गाडीत. व्हॅनची मागची दारं मला तोंडपाठ झालीत. यांचं तोंड दिसतं ते जेवायला थांबलो की. आता मला शेजारी बसायचंय."

काका दुसरीकडे बघू लागले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

तर मित्रांनो, मला आणले ते एवढ्याचसाठी. एका बाईला आपल्या नवऱ्याच्या शेजारी बसायचे होते.

त्यानंतरची वर्षे भरभर गेली. निघायच्या आधी काकू मागे येत आणि माझी तपासणी करत. पिना ओढून बघत. मला धरून गदागदा हलवत. दोन्ही साखळ्या माझ्या पोटाखालून एकमेकींवर फुली मारून अडकवत, म्हणजे मी निसटलोच तर साखळ्यांवर अलगद टेकावे. मग छोट्या गाडीत वाकून गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हँडब्रेक सुटला आहे ना, स्टिअरिंग मोकळे आहे ना, हे पाहत. शेवटी पट्टीवरून अंगठा फिरवून म्हणत, "बाराशे. झालं. चला." रोज एवढे ऐकून मला ते माझे नावच वाटू लागले होते.

माझ्यात एक खोड आहे, तीही सांगून टाकतो. मी लावलेला असताना मागे जाता येत नाही. पुढची गाडी मागे सरकू लागली की मागच्या गाडीची चाके वाट्टेल तिकडे वळतात आणि मी पिळवटून निघतो. एकदा काका घाईघाईत एका बंद गल्लीत शिरले. पुढे भिंत, मागे छोटी गाडी. काकू म्हणाल्या, "मी सांगत होते, डावीकडे नको." काका म्हणाले, "तू उजवीकडे नको म्हणालीस." मग मला सोडवून, छोटी गाडी हाताने ढकलून, व्हॅन बाहेर काढून, मला पुन्हा जोडेपर्यंत अख्खी गल्ली खिडक्यांत येऊन तमाशा पाहत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर खुर्चीच आणली. त्या दिवसापासून कुठेही वळायचे झाले की काका आधी जागा बघत आणि लांबलचक वळसा घालून तोंड पुढे ठेवूनच बाहेर पडत.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मान, एवढी काळजी, मग तक्रार कसली? तक्रार नाही. पण मी ना घरचा ना घाटचा. मोठी गाडी मला आपला मानत नसे आणि छोटी गाडी तर मला वेसणच समजे. ते दोघे पुढे शेजारी बसत. ज्या गोष्टीसाठी मला आणले होते, ती कशी दिसते हे मला कधीच पाहायला मिळाले नाही. मला दिसत होती व्हॅनची मागची दारे. काकूंची जागा मी घेतली होती आणि तिच्याबरोबर काकूंच्या वाट्याचे ते बघणेही माझ्याकडे आले होते. कधी कधी पुढे दोघे जोरात हसले की व्हॅनचा पत्रा थरथरायचा आणि तो थरथराट हुकातून माझ्यापर्यंत यायचा. विनोद काय होता हे मात्र कोणी सांगत नसे.

वर्षातून एकदा काका मला रंग देत. त्यांना रंगाची भारी हौस. पहिल्या वर्षी पिवळा, मग हिरवा, मग निळा. आधी काकू पट्टीवर कागदी चिकटपट्टी लावत, काका रंगवत, आणि रंग वाळला की काकू ती उचलून काढत. आकडा तेवढा चकचकीत राही. "याला बघून लोकांना वाटेल आजच घेतलाय," काका म्हणत, आणि मी ते खरे मानून फुशारून जाई.

पुढे त्यांच्या लग्न झालेल्या लेकीला मुलगी झाली. काकू लेकीकडे बाळंतपणासाठी गेल्या. हे अंगण, हे घर त्या लेकीचेच. थोडे दिवस म्हणून गेलेल्या काकू तिथेच राहिल्या. बाळ लहान होते, लेक कामावर जायची, आणि काकूंचे गुडघेही कुरकुरू लागले होते. "तू राहा निवांत," काका म्हणाले. "माझं काही अडत नाही." काकू म्हणाल्या, "बरं. सावकाश जा." बस, एवढेच बोलणे झाले. दोघांच्याही मनात काहीतरी वेगळे होते, ते मला मागून ऐकूनसुद्धा कळले. पण अळीमिळी गुपचिळी. इकडेतिकडे जायला काकूंना लागेल म्हणून काकांनी छोटी गाडी त्यांच्याकडे ठेवली आणि स्वतःसाठी एक जुनी जीप घेतली.

मित्रांनो, जीप काही वाईट नव्हती. पण ती होती आडदांड. ती पहिल्यांदा माझ्या पायांना जोडली तेव्हाच माझ्या लक्षात आले की हे प्रकरण आपल्या आवाक्यातले नाही. रिकामी असतानाच ती माझ्या आकड्याच्या पुढे होती. आणि ती रिकामी कधी राहिलीच नाही.

त्याचे असे झाले. लोक काकांना म्हणत, "काका, हे जुनं मशीन आता कोण चालवणार? तुम्हीच घेऊन जा." पूर्वी अशा वेळी काकू ठामपणे सांगत, "भंगार गोळा करायचं नाही." आता नाही म्हणणारे कोणी नव्हते. काका एकेक यंत्र घेऊ लागले. बिडाचे जड पाय, लोखंडी मुंडकी, फिरकीची चाके. सगळे जीपमध्ये रचले जाई. कामासाठी नव्हे. त्यांना रिकामी जागा बघवत नसे. व्हॅनमध्ये काकूंच्या सीटवरही त्यांनी एक काळे शिवणयंत्र ठेवले होते आणि ते ब्रेक मारला की घरंगळू नये म्हणून त्याला सीटचा पट्टा लावला होता. टायरवाला एकदा हसून म्हणाला, "काका, काकूंना चांगलं बांधून ठेवलंय!" काकाही हसले. पण या वेळी पत्रा थरथरला नाही.

काका आता माझी तपासणी करत नसत. एकटा माणूस. लवकर निघावे आणि लवकर पोचावे, एवढेच त्यांच्या डोक्यात असे. आणि रंग? रंग ते द्यायचे, पूर्वीपेक्षा जास्त. पण चिकटपट्टी लावायला कोणी नव्हते, म्हणून तो पट्टीवरूनच फिरे. पांढरा झाला, मग करडा. आकडा हळूहळू पुसट झाला, मग उंचवटा तेवढा राहिला, मग तोही गेला. कोणी विचारले, "किती टनांचा हो हा?" तर काका बिनधास्त सांगत, "दोन टनांचा. कधी कुरकुर नाही याची." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते माणसांच्या बाबतीत खरे असेल. माझा झाकलेला आकडा मात्र दर वेळी फुगतच गेला.

मी बोलू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त तोलू शकतो. चढावर सांधा न् सांधा ताणला जाई. उतारावर तर त्याहून वाईट. मागून जीप अंगावर येई आणि पुढे व्हॅन ब्रेक लावी. मध्ये मी. अशा वेळी मला यंत्राच्या जबड्यातला माझा भाऊ आठवायचा. तो आधी गप्प होता, मग कण्हला, आणि मग तो आवाज झाला.

एका दुपारी लांबलचक उतारावर ती वेळ आलीच. पुढे वळणावर अचानक मेंढरे आडवी आली. काकांनी ब्रेक मारला. जीप मात्र थांबायला तयार नव्हती. तिने सगळ्या लोखंडासकट मला पुढे रेटले, माझ्यामुळे व्हॅनची शेपटी रस्त्यावरून बाजूला फेकली गेली, आणि व्हॅनचे एक मागचे चाक खड्ड्याच्या काठावर जाऊन थांबले. माझ्या डाव्या खांद्यातल्या सांध्यात केसाएवढी चीर गेली. मला ती स्पष्ट कळली.

काका खाली उतरले. घटाघटा पाणी प्यायले. मग मागे येऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास रे गड्या. सांभाळलंस मला." डोळ्यांत पाणी होते त्यांच्या. त्या एवढ्या मोठ्या माळावर तेव्हा बोलायला त्यांना माझ्याखेरीज कोणी नव्हते आणि मला त्यांच्याखेरीज. मला फार वाटले की त्यांनी थोडे वाकून पाहावे. पण माणूस कौतुक करायला लागला की त्याला खोट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बक्षीस म्हणून मला लाल रंग दिला. चिरेवरूनसुद्धा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर रंग तो. आणि सगळ्यात एकटे मला त्याच दिवशी वाटले.

थोड्याच दिवसांनी काका लेकीकडे आले. ते अधूनमधून येत, जेवत, नातीला खेळवत आणि निघत. निघताना काकू फाटकाशी उभ्या राहून म्हणत, "सावकाश जा." या वेळी मात्र काकू घरातून बाहेर आल्या त्या हातात पिशवी घेऊन. नात आता चालू लागली होती आणि तिला सांभाळायला जावई घरून काम करणार होता, एवढे मला अंगणातल्या बोलण्यावरून समजले.

"मी येतेय," काकू म्हणाल्या. "विचारत नाहीये, सांगतेय."

काका पळत व्हॅनमध्ये गेले आणि ते काळे यंत्र पोटाशी धरून बाहेर आले. त्याला कुठे ठेवावे ते त्यांना सुचेना. "ते राहू दे तुमचं," काकू म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने सरळ मागे माझ्याकडे आल्या.

त्यांनी पिना ओढल्या. मला हलवले. मग त्यांचा अंगठा माझ्या पाठीवर फिरला आणि थांबला.

"अहो, पट्टी कुठाय याची?"

"असेल तिथेच. रंगाखाली."

"किती किलोचा आहे हा?"

"दोन टनांचा."

"कोण म्हणतं?"

"अगं, मी म्हणतोय. इतकी वर्षं ओढतोय. कधी कुरकुर केली का त्यानं?"

काकूंनी काकांच्या खिशातला बारका पेचकस काढून घेतला, माझ्यापाशी खाली बसल्या आणि खरवडू लागल्या. लाल निघाला. त्याखाली करडा, मग पांढरा. पट्टी नेमकी कुठे ते दिसेना, म्हणून पेचकस कडेला गेला आणि तिथे निळा निघाला. काका म्हणाले, "हा निळा आपण त्या तळ्याकाठी दिला होता, आठवतं?" काकू म्हणाल्या, "गप्प बसा." कडेला हिरवा निघाला, पिवळा निघाला, मग पेचकस पट्टीवर आला आणि आकडा उघडा पडला. काकूंनी तो मोठ्याने वाचला. "बाराशे."

मित्रांनो, किती दिवसांनी मला कोणी माझ्या नावाने हाक मारली होती!

"आणि जीपचं वजन?"

"रिकामी म्हणशील तर..."

"भरलेली म्हणतेय मी."

काकूंनी जीपचे दार उघडले. छपराला टेकेपर्यंत लोखंड. त्यांनी दार हळूच पुन्हा लावले. मग परत वाकल्या. लाल रंगाला माझ्या डाव्या खांद्यावर बारीक भेग गेली होती आणि तिच्यातून तांबूस गंज पाझरला होता. काकूंनी त्या रेषेवरून नख फिरवले. काकांनी यंत्र खाली ठेवले, चष्मा लावून पाहिले आणि ते तिथेच, जीपच्या बंपरवर, बसले.

"हे घेऊन तुम्ही एकटे उतार उतरत होतात?" काकूंनी विचारले.

"बोलला नाही गं तो," काका म्हणाले. "मला वाटलं, बोलत नाही म्हणजे झेपतंय."

"लोखंड बोलतं का कधी? आणि माणसं तरी कुठे बोलतात! दर वेळी फाटकात उभी राहून मी 'सावकाश जा' म्हणायचे. त्याचा अर्थ काय वाटायचा तुम्हाला?"

"मला वाटायचं, सावकाश जा."

काकूंना हसू आले आणि त्याच वेळी रडूही आले. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि तुमचं ते 'माझं काही अडत नाही'?"

काकांनी पायाशी ठेवलेल्या काळ्या यंत्रावरून हात फिरवला. "अडत होतं," ते म्हणाले. "रोज अडत होतं."

माझ्या दोन्ही बाजूंना ते दोघे बसले होते. इतकी वर्षे मी दोन गाड्यांच्या मध्ये राहिलो, पण दोन माणसांच्या मध्ये असण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मला अवघडल्यासारखे झाले.

मग काका सावरून म्हणाले, "वेल्डिंग मारून घेऊ. पाच मिनिटांचं काम."

"नाही," काकू म्हणाल्या. "दुकानातली बाई काय म्हणाली होती? एकदा ताणला गेला की भरवसा ठेवायचा नाही."

"मग मोठा दांडा घेऊ."

"आणि हूक? तो अजून पंधराशेचाच आहे ना? उद्या तो तुटेल. अहो, दांडा वाढवून काय होणार? ओझं कमी करायला नको?"

ते खरेच होते. जीप जावयाला दिली. तो तिच्यावर आधीपासूनच डोळा ठेवून होता. लोखंड उतरवले. जी यंत्रे चालण्यासारखी होती ती काकांनी इथेच बसून दुरुस्त केली आणि मागेल त्याला दिली. बाकीची भंगारात गेली. मग छोटी गाडी पूर्वीसारखी सामानाने भरली, गळांसकट भरली, आणि वजनकाट्यावर नेऊन तोलली. माझ्या आकड्याच्या आत बसली. बाईच्या दुकानातून एक नवा टो-बार आला. त्याच्याही पाठीवर पट्टी होती आणि पट्टीवर बाराशे होते. त्याच्यासाठीही कुठेतरी एक भाऊ तुटला असणार. मला त्याचा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? पण राग आला नाही.

मला इथे आणून टांगले ते काकांनी. कोणी चुकून वापरू नये म्हणून माझ्या तोंडातली कडी काढून घेतली. जाताना सवयीने त्यांनी रंगाचा डबा उघडला, थोडा विचार केला आणि पुन्हा मिटला. फडक्याला तेल लावून फक्त पट्टी पुसली.

मग ते निघाले. मी या भिंतीवर, अंगणाकडे तोंड करून. बाहेर काकूंचा आवाज आला, "बाराशे. झालं. चला." मला वाटले, आता व्हॅन फाटकाकडे जाणार आणि मला पुन्हा तीच मागची दारे दिसणार. पण फाटक होते व्हॅनच्या पाठीमागे, आणि मागे छोटी गाडी जोडलेली, म्हणजे मागे सरकायची सोय नाही. काकांनी अंगणभर मोठा वळसा घेतला. व्हॅन वळत वळत थेट या शेडच्या दारासमोरून गेली, तोंड माझ्याकडे करून. आणि समोरच्या काचेतून मला ते दोघे दिसले. काका स्टिअरिंगवर, काकू शेजारी. काकू काहीतरी सांगत होत्या, बहुधा डावीकडे नको असे, आणि काका मान हलवत होते. एवढी वर्षे ज्याच्यासाठी मी ओझे ओढले ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. डोळे भरून पाहिले.

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. आम्हां मुक्या वस्तूंना रंग द्या, शाबासकी द्या, पण आमचा आकडा झाकू नका. आम्हाला घेताना रिकाम्या गाडीचे नव्हे, भरलेल्या गाडीचे वजन धरा. आणि तुमच्या घरात जे माणूस कधीच कुरकुर करत नाही, त्याच्याजवळ जाऊन एकदा विचारा, किती झेपतंय? त्याने "काही अडत नाही" म्हटले तर लगेच उठून जाऊ नका. थोडे खरवडा.

चला, उजेड कमी होतो आहे, तुम्हाला घरी जायला हवे. जाताना शेडचे दार मात्र पुरते लावू नका. ते दोघे नातीला भेटायला येतात, आणि निघताना व्हॅन याच अंगणात वळते.